विंडोजबाहेरचा डेटाबेस : एका रखडलेल्या स्थलांतराचा आढावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी या तारखेचा अर्थ साधा होता. पतसंस्था, शाळा, सार्वजनिक वाचनालय, अडत दुकान अशा ठिकाणी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक चालू आहेत, पण विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. मग कुणीतरी विचारतो, लिनक्स टाकले तर चालेल का? लिनक्स टाकणे हे एका दुपारचे काम आहे. गाडी अडते ती पुढे. सभासदांची खाती, पुस्तकांची नोंद, विद्यार्थ्यांचे दाखले ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते सॉफ्टवेअर लिनक्सवर उघडत नाही.

खिडक्या, बटणे आणि तक्ते दाखवून डेटाबेस हाताळू देणारे सॉफ्टवेअर कमी वापरल्या जाणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कसे न्यावे, हा प्रश्न जगभर गेली तीस वर्षे चर्चेत आहे. महाराष्ट्रात त्याला मराठी मजकुराची आणखी एक बाजू आहे. या लेखात त्या चर्चेची आजची स्थिती मांडायची आहे. माझे मत जिथे येईल तिथे ते माझे म्हणूनच येईल.

मागचा रस्ता

आज विंडोज म्हणजेच संगणक असे वाटते, पण आपल्याकडच्या कार्यालयीन संगणकीकरणाची सुरुवात तशी झाली नव्हती. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आला. त्यानंतर बँकांच्या शाखांत जी यंत्रे आली, त्यांतली पुष्कळशी पुढे युनिक्सच्या एससीओ आवृत्तीवर चालत होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे आणि एका सर्व्हरला जोडलेली चार-सहा टर्मिनले, असा तो काळ होता.

त्याच सुमारास डॉसवर डीबेस आणि मग फॉक्सप्रो आले. फॉक्सप्रोची गोष्ट या विषयासाठी फार बोलकी आहे. त्याची २.६ ही आवृत्ती डॉस, विंडोज, मॅकिन्टॉश आणि एससीओ युनिक्स अशा चारही ठिकाणी मिळत असे. म्हणजे तीस वर्षांपूर्वी एका ठिकाणी लिहिलेला प्रोग्राम थोड्याफार फरकाने दुसरीकडे नेता येत होता. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतले आणि त्याच वर्षी स्वतःचा अ‍ॅक्सेस हा डेटाबेसही बाजारात आणला. हळूहळू बाकीच्या आवृत्त्या बंद पडत गेल्या आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो फक्त विंडोजचे होऊन राहिले. त्याची शेवटची ९.० ही आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली, पुढची येणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झाले आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला पाठिंबाही संपला.

साखर कारखान्यांचे ऊसबिल, पतसंस्थांची रोजकीर्द आणि खतावणी, महाविद्यालयांची शुल्कनोंद अशी कितीतरी कामे महाराष्ट्रात फॉक्सप्रोवर उभी राहिली. जिल्ह्याच्या गावातला एखादा प्रोग्रामर ती लिहून देई, वर्षाला देखभालीचा ठरावीक आकार (एएमसी) घेई आणि अडचण आली की मोटारसायकलवरून येऊन दुरुस्त करी. ही व्यवस्था स्वस्त होती, जवळची होती आणि तिने वर्षानुवर्षे काम दिले. तिचे पुढे काय करायचे, हा आजच्या प्रश्नाचा मोठा भाग आहे.

लिनक्सच्या बाजूने सरकारी पातळीवर काही पावले पडली. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली तयार केली आणि २००७ पासून तिच्या आवृत्त्या येत राहिल्या. २०१५ साली केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली माया ही प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. बॉसवर मराठी पहिल्या दिवसापासून नीट दिसते, ऑफिस आणि ब्राउझरही आहेत. तरीही ती कार्यालयांत सर्वदूर पोचली नाही, आणि याचे मुख्य कारण मला डेटाबेस सॉफ्टवेअरच वाटते. लिपिकाला ऑपरेटिंग सिस्टिमशी देणेघेणे नसते. त्याला आपला प्रोग्राम हवा असतो.

न्यायालयांचे उदाहरण

या प्रश्नातला देशातला एक मोठा यशस्वी प्रयोग पुण्यात घडला, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी वापरली जाणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणजे सीआयएस, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुण्यातल्या चमूने विकसित केली. त्याआधी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांच्या कक्षेत वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि वेगवेगळे साचे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त स्रोताचा मार्ग धरला. संगणकांवर उबुंटू लिनक्स, मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि पुढे ब्राउझरमध्ये उघडणारी पाने, अशी रचना झाली. सर्वांना समान असा राष्ट्रीय गाभा आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेप्रमाणे भोवतीची रचना अशी विभागणी केली गेली. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांना उबुंटू आणि सीआयएस यांचे प्रशिक्षण एकत्र दिले गेले. १९ सप्टेंबर २०१५ रोजी राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड लोकांसाठी खुला झाला. आज उमरखेडच्या दिवाणी न्यायालयातल्या दाव्याची पुढची तारीख तालुक्यातल्या ढाणकीच्या शेतकऱ्याला सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून मोबाइलवर दिसते, ती याच रचनेमुळे.

यातली कळीची गोष्ट अशी की, इथे जुने विंडोजचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे लिनक्सवर नेण्याचा खटाटोप कुणी केला नाही. पडदा, म्हणजे खिडक्या-बटणांचा दर्शनी भाग, ब्राउझरकडे सोपवला, मग खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे हा प्रश्नच लहान झाला. या मार्गाचे समर्थक न्यायालयांचे उदाहरण देतात ते योग्यच आहे. पण त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा आदेशाधिकार होता, प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १,६७० कोटी रुपयांची तरतूद होती आणि तिसऱ्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले. एखाद्या वाचनालयाला किंवा पतसंस्थेला यातले काहीच उपलब्ध नसते.

चार वाटा

सॉफ्टवेअर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेण्याच्या वाटा ढोबळमानाने चार आहेत.

पहिली वाट, त्या सिस्टिमसाठी पडदा नव्याने बांधण्याची. मायएसक्यूएल वर्कबेंचने ती धरली. त्याचा आतला गाभा एकच आहे, पण वरची खिडकी विंडोजवर डॉटनेटमध्ये, लिनक्सवर जीटीकेमध्ये आणि मॅकवर कोकोआमध्ये, अशी तीनदा लिहिलेली आहे. प्रत्येक ठिकाणी ते तिथलेच वाटते, हा फायदा. प्रत्येक दुरुस्ती तीनदा तपासावी लागते, हा खर्च. जिथे वापरणारे कमी तिथे हा खर्च आधी कापला जातो. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २०१७ साली लिनक्सवर आणला, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. सर्व्हर आला खरा, पण तो सांभाळायचे मॅनेजमेंट स्टुडिओ हे खिडक्यांचे साधन आजही विंडोजवरच चालते. त्याला पर्याय म्हणून आलेला अझ्युअर डेटा स्टुडिओ लिनक्सवर चालत असे, पण तोही फेब्रुवारी २०२६ अखेर निवृत्त करण्याचे कंपनीने जाहीर केले आणि वापरणाऱ्यांना व्हीएस कोडकडे वळायला सांगितले. इंजिन नेणे सोपे आणि पडदा नेणे अवघड, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

दुसरी वाट, सगळीकडे सारखा दिसणारा पडदा एकदाच लिहिण्याची. जावावर उभा असलेला डीबीव्हर, क्यूटी वापरणारा डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट, केडीई परिवारातला केक्सी ही सगळी या वाटेवरची साधने. डेल्फी या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिणाऱ्यांसाठी बोरलँडने २००१ साली कायलिक्स आणले होते. डेल्फीचा प्रोग्राम लिनक्सवर न्यायचा म्हणून कितीतरी जणांनी त्यावर भिस्त ठेवली, आणि २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर कंपनीने ते सोडून दिले. ती पोकळी पुढे लाझारस या मुक्त साधनाने भरून काढली. डेल्फीत लिहिलेले हायडीएसक्यूएल हे लोकप्रिय साधन लिनक्सवर वर्षानुवर्षे वाइन या विंडोजचे अनुकरण करणाऱ्या साधनाच्या आधारानेच चालवावे लागे. २०२५ मध्ये लाझारसच्या जोरावर त्याची खास लिनक्ससाठी बांधलेली आवृत्ती आली. एका चिकाटीच्या विकासकाने हे घडवले, हे मला महत्त्वाचे वाटते. कंपनीच्या आश्वासनापेक्षा ते जास्त टिकले.

तिसरी वाट अनुकरणाची. वाइन हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. विंडोजच्या प्रोग्रामला आपण विंडोजवरच आहोत असे वाटावे, इतपत सोय तो लिनक्सवर करून देतो. फॉक्सप्रोचे साधे प्रोग्राम त्यावर चालतातही. डॉसचे प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालतात. पण साधा प्रोग्राम क्वचितच साधा राहिलेला असतो. वर्षानुवर्षांत त्याला कुठला तरी छपाईचा घटक, कुठली तरी बाहेरून आणलेली फाइल जोडलेली असते आणि नेमके तिथेच वाइन अडखळते. दुसरा उपाय म्हणजे लिनक्सच्या आत आभासी यंत्रात जुने विंडोज ठेवणे. ते चालते, पण मग विंडोज गेले कुठे?

चौथी वाट ब्राउझरची. पीएचपीमायअ‍ॅडमिन १९९८ पासून याच वाटेवर आहे. पीजीअ‍ॅडमिनचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे. त्याची तिसरी पिढी सी प्लस प्लसमध्ये, खास खिडक्यांचे साधन म्हणून लिहिलेली होती. २०१६ मध्ये आलेली चौथी पिढी पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि ब्राउझरमध्ये चालू लागली. तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांनी ती जड आणि संथ असल्याची तक्रार केली, आणि ती तक्रार चुकीची नव्हती. पण त्या बदलानंतर पीजीअ‍ॅडमिन कुठल्याही सर्व्हरवरून कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर दिसू लागले.

ग्रंथालयांनी हीच दिशा पकडली आहे. युनेस्कोने दिलेले सीडीएस-आयसिस डॉसवर होते, मग विंडोजवर आले. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे इन्फ्लिबनेटचे सोल २.० हे २००९ सालचे, विंडोजला बांधलेले सॉफ्टवेअर. एनआयसीचे ई-ग्रंथालय आधी विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हरवर होते, चौथ्या आवृत्तीत ते वेबवर आणि पोस्टग्रेएसक्यूएलवर आले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि २००० च्या जानेवारीत प्रथम वापरात आलेले कोहा तर सुरुवातीपासूनच लिनक्सचे. आज लिनक्सवर जाऊ इच्छिणाऱ्या ग्रंथपालासमोर खरोखरचे पर्याय आहेत. पतसंस्थेच्या व्यवस्थापकासमोर ते इतके नाहीत.

मराठी मजकूर

इथवरची चर्चा जर्मनीत किंवा ब्राझीलमध्येही अशीच झाली असती. पुढची बाजू खास आपली आहे, आणि स्थलांतराचे अंदाजपत्रक मांडणारे तिला नेहमी कमी लेखतात.

युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपल्या कार्यालयांतला पंचवीस वर्षांचा मजकूर कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टांच्या आधाराने साठवलेला आहे. जुन्या डेटाबेसच्या तक्त्यात ‘राम’ हे नाव मराठीत नसतेच. कृतीदेवमध्ये ते इंग्रजी जे, के, ई या तीन अक्षरांच्या रूपात असते आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. विंडोजच्या प्रोग्रामला त्या रकान्यासाठी अमुक फॉन्ट लावायचा हे ठाऊक असते. लिनक्सवरच्या डीबीव्हरमध्ये तोच तक्ता उघडला की सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या रांगा दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डेटा बिघडला असेच वाटते. डेटा शाबूत असतो, पण तो मराठी म्हणून कधी लिहिलाच गेलेला नसतो.

रूपांतर करणारी साधने आहेत. पण अक्षरामागे अक्षर बदलून काम भागत नाही. ‘दिलीप’ घ्या. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे द च्या आधी साठवलेली असते. एफ, एन, वाय, एच, आय असा तो क्रम. युनिकोडमध्ये ती द च्या नंतर जाते. उलट ‘वर्धा’तला रफार कृतीदेवमध्ये अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षराच्या आधी वेलांटी आली की ती नेमकी किती अक्षरे ओलांडून पलीकडे न्यायची, हे साधनाला ओळखावे लागते. त्यात एकाच रकान्यात काही नोंदी इंग्रजीत आणि काही मराठीत असतील, तर कुठली इंग्रजी खरी आणि कुठली मुखवट्याआडची हे माणसालाच बसून ठरवावे लागते. ऑपरेटरने घाईत इंग्रजीत टाइप केलेला खाते-प्रकार रूपांतरानंतर अगम्य मराठी होऊन बाहेर पडतो.

जुन्या याद्यांतली एक गंमतशीर वाटणारी पण त्रासदायक गोष्ट या निमित्ताने समजते. फॉन्टाधारित डेटाबेसमध्ये दिनकर, किसन, विठ्ठल, शिवाजी ही सगळी नावे वर्णानुक्रमात एकत्र येतात, कारण संगणकाच्या लेखी ती सगळी एकाच वेलांटीपासून सुरू होतात. ऑपरेटर मंडळींना याची इतकी सवय झालेली असते की युनिकोडमध्ये गेल्यावर यादी ‘चुकीची’ लागते अशी तक्रार येते.

युनिकोडमध्ये गेल्यावरही क्रमाचा प्रश्न पुरता सुटत नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ ही तर तिथे स्वतंत्र अक्षरेच नाहीत, जोडाक्षरे आहेत. मराठीचा क्रम लावण्याचे नियम आयसीयू या संग्रहात मिळतात आणि पोस्टग्रेएसक्यूएलला २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ते वापरता येतात. पण ते आपोआप लागू होत नाहीत. डेटाबेस तयार करताना कुणीतरी जाणीवपूर्वक निवडावे लागतात.

पडद्याआड बिघडणाऱ्या गोष्टी

क्रमवारीचा एक धडा फार महागात पडू शकतो. पोस्टग्रेएसक्यूएल पारंपरिकरीत्या शब्दांचा क्रम ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून ठरवतो. लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत संग्रहाच्या २.२८ या आवृत्तीत, २०१८ साली, हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या नियमांनी बांधलेली शोधसूची (इंडेक्स) नव्या सिस्टिमवर तशीच नेली, की डेटाबेस नोंद असूनही ‘सापडली नाही’ म्हणू लागतो. एकाच नावाची दोन खाती नकोत म्हणून घातलेले बंधनही फसू शकते. उपाय सोपा आहे, सूची नव्याने बांधायची. पण तो करायचा असतो हे माहीत पाहिजे, कारण पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही.

मायएसक्यूएलची गोष्ट निराळी. विंडोजवर तक्त्याच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरे सारखीच मानली जातात, लिनक्सवर ती वेगळी धरली जातात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका ठिकाणी ‘मेंबर’चा एम मोठा आणि दुसरीकडे लहान टाकला असेल, तर विंडोजवर दहा वर्षे चाललेला अहवाल लिनक्सवर पहिल्याच दिवशी बंद पडतो. आठव्या आवृत्तीपासून ही अक्षरे सारखी मानायची की वेगळी, ही निवड डेटाबेस प्रथम उभारतानाच करावी लागते, नंतर बदलता येत नाही.

फॉक्सप्रोच्या फायलींतही असाच एक खड्डा आहे. तिथे नोंद ‘डिलीट’ केली तरी ती लगेच पुसली जात नाही. तिच्या पहिल्या जागी तारांकनाची खूण तेवढी पडते, आणि पॅक ही आज्ञा दिल्यावरच ती खरोखर जाते. रूपांतर करणाऱ्या साधनाने ही खूण वाचली नाही, तर राजीनामा दिलेले सभासद आणि बंद झालेली खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये जिवंत होतात. बेरजा जुळत नाहीत. मग लेखापरीक्षणाच्या तोंडावर सगळे मिळून नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देतात.

छपाई आणि टोकनांबद्दल थोडक्यात. पासबुक छापायचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डिजिटल सहीची यूएसबी टोकने आणि बोटांच्या ठशांची यंत्रे यांचे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेले असतात. काहींचे लिनक्सवर मिळतात, काहींचे मिळत नाहीत. आणि टॅली विंडोजचेच आहे. ज्या संस्थेचे हिशेब टॅलीवर आहेत, तिथला एक तरी संगणक विंडोजवर राहतोच.

कुणाचे म्हणणे काय

लिनक्सवर जावे असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे परवान्याच्या पैशापुरते नाहीत. जुनी यंत्रे आणखी काही वर्षे वापरात राहतात, व्हायरसचा त्रास कमी होतो आणि एका कंपनीच्या वेळापत्रकावर आपले दप्तर चालत नाही, असे ते सांगतात. फॉक्सप्रोचे जे झाले ते पुन्हा होऊ नये, हा त्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. केरळच्या शाळांत आयटी अ‍ॅट स्कूल या उपक्रमातून मुक्त सॉफ्टवेअर रुजले, तेव्हा योग्य प्रशिक्षण दिले तर माणसे शिकतात, हेही ते दाखवून देतात.

जिथे आहे तिथेच राहावे असे म्हणणाऱ्यांची बाजू तितकीच गंभीर आहे. चालणारी गोष्ट बदलताना खातेदाराच्या पैशाचा हिशेब जोखमीत येतो. आपल्याकडे संगणकाचे पहिले शिक्षण एमएस-सीआयटीतून होते आणि त्यात विंडोजचाच सराव असतो. मराठी टायपिंगची परीक्षा दिलेल्या लिपिकाचे हात एका ठरावीक मांडणीला सरावलेले असतात. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट ही मांडणी सहज मिळते, पण लिपिकाच्या सवयीची जुनी मांडणी शोधून बसवावी लागते. शिवाय बिघाड झाला तर कोण येणार? उमरखेडहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते, तिथे विंडोज दुरुस्त करणारे भरपूर सापडतात, पोस्टग्रेएसक्यूएल जाणणारा शोधावा लागतो.

या बाजूचे लोक म्युनिकचा दाखला देतात. त्या शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर नेले. पण काही विभागांची खास सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालेनात, दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी सांभाळाव्या लागल्या, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरले. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरकडे कल दाखवला. म्हणजे दोन्ही बाजूंना म्युनिक आपापल्या परीने वापरता येते.

तिसरा पक्ष म्हणतो, हा वादच जुना झाला. सगळे ढगात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिची रचना नाबार्डमार्फत एक समान, ढगावरचे सॉफ्टवेअर अशीच आहे. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाला खाली विंडोज आहे की लिनक्स, याचा विचार करावा लागू नये, हा त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे. मात्र इंटरनेट किंवा वीज गेली की काउंटर थांबतो. आणि डेटा दूरच्या सर्व्हरवर असतो, तेव्हा तो पूर्णपणे, वाचता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क करारात लिहिलेला आहे का, हे फार थोडी संचालक मंडळे पाहतात. विंडोजचे परावलंबन संपवताना दुसरे परावलंबन येऊ शकते, एवढे तरी मान्य करायला हवे.

तिन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटते, या वादात ऑपरेटिंग सिस्टिमला गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळाले आहे. डेटा युनिकोडमध्ये असेल, तक्त्यांची रचना कागदावर लिहून ठेवलेली असेल आणि तो साध्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर काढता येत असेल, तर वरचा पडदा कोणत्याही वाटेने बदलता येतो. यातले काहीच नसेल, तर विंडोज १० वरून ११ वर जाणेही तितकेच धोक्याचे आहे. म्हणून स्थलांतराआधी डेटाचे रूपांतर करावे, तेही आहे त्याच विंडोजवर, आणि वर्षभर जुने-नवे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तपासावेत. या क्रमाने काम केले तर बिघाड नेमका कुठे झाला ते कळते. दोन्ही एकदम केले तर कळत नाही.

अजून न सुटलेले

काही प्रश्न तंत्राचे नाहीत आणि त्यांना कुणाकडेच तयार उत्तर नाही. फॉन्टाधारित डेटाचे रूपांतर झाल्यावर मूळ नोंद आणि नवी नोंद यांत वेलांटीचा किंवा जोडाक्षराचा फरक पडला, तर कायद्याच्या दृष्टीने कोणती ग्राह्य धरायची? खातेदाराचे नाव आधारवर एक, जुन्या डेटाबेसमध्ये दुसरे आणि रूपांतरानंतर तिसरे, असे झाले तर दुरुस्तीचा अधिकार कोणाचा? सातबाऱ्याच्या संगणकीकरणात दुरुस्तीसाठी आधी एडिट आणि मग री-एडिट अशी सोय काढावी लागली. चावडीवर वाचन करून लोकांकडून चुका शोधाव्या लागल्या. शासनाकडे त्यासाठी तलाठी होते, तहसीलदार होते. सहकारी संस्थेकडे असा वाचन करणारा आणि सही करणारा अधिकारी कोण, हे ठरलेले नाही.

दुसरा प्रश्न जुन्या प्रोग्रामांच्या मूळ लिखाणाचा, सोर्स कोडचा. ज्या प्रोग्रामरने १९९८ साली फॉक्सप्रोत पतसंस्थेचे काम लिहून दिले, तो आता दुसऱ्या व्यवसायात आहे किंवा हयात नाही. संस्थेकडे चालणारी फाइल आहे, लिखाण नाही. व्याज कोणत्या नियमाने काढले जाते, मुदत संपलेल्या ठेवीचे काय होते, पैसे वरच्या की खालच्या अंकाला जुळवले जातात, हे सगळे त्या फाइलीत बंद आहे. नव्याने लिहिणाऱ्याला ते जुन्या छापील उताऱ्यांवरून उलटे शोधून काढावे लागते. त्या उताऱ्यांचे गठ्ठे मात्र बहुतेक संस्थांनी अजून रद्दीत दिलेले नाहीत. ते आधी जपून ठेवले पाहिजेत. व्याजाचा हिशेब पैशापर्यंत जुळतो की नाही, हे पडताळायला सध्या तेवढाच एक पुरावा हाताशी आहे.